अजून एक पावसाळा थांब

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं टपाल परवा पोचलं. तुला सापडलेल्या कंदीलपुष्पाचे एकवीस फोटो, दोन पानी वर्णन आणि शेवटी लाल शाईत ‘नवी प्रजाती?’ असा प्रश्न. प्रश्नचिन्ह घातलंस हे बरं केलंस. तुझ्या वयाचा असताना मी ते घातलं नव्हतं. त्याची फजिती पुढे सांगतोच.

आधी फोटोंचं बोलू. देखणे आहेत. मागे धुकं, पानावर थेंब, सगळं आहे. पण एकवीसच्या एकवीस फोटोंत फूल बाहेरूनच दिसतं, आणि कंदीलपुष्पाचं गुपित त्याच्या पोटात असतं. खाली फुगीर भांडं, वर अरुंद नळी, टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला कंदील. नळीत आतून खाली वळलेले केस असतात. चिलट आत घसरतं, केसांमुळे वर चढता येत नाही, आणि मग ते तळाशी मुकुटाभोवती घुटमळत बसतं. केस कोमेजले की सुटतं, तोंडाला परागांच्या गाठी अडकवून. तो तळाचा मुकुट म्हणजे करोना. हल्ली हा शब्द उच्चारला की घरातले दचकतात, पण आम्ही मंडळी तो आयुष्यभर भिंगाखाली बघत आलो. तुझी वनस्पती कोणती, हे ठरवायला तो मुकुट बघावाच लागेल. बाहेरचे पाच भाग किती खोल दुभंगलेत, त्यांच्या कडेला केस आहेत का, आतले पाच सरळ उभे आहेत की टोकाला एकमेकांकडे झुकलेत, हे फोटोवरून मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.

आणि नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये घातलेल्या फुलावरूनही सांगता येणार नाही. वर्तमानपत्रात दाबलेलं कंदीलपुष्प चार दिवसांत चहाच्या डागासारखं दिसतं. म्हणून फांदी प्रेसमध्ये, पण दोन-तीन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत, आणि बाटलीत फांदीला दिलेला तोच फिल्ड नंबर. नंबर कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून आत टाक. बाहेर चिकटवलेलं लेबल आधी पुसट होतं, मग गळून पडतं. रंग तिथेच वहीत लिहायचा, कारण अल्कोहोल रंग खातं. एक पान सिलिका जेलच्या पाकिटात ठेव, डीएनए लागलाच तर.

आता वर्णन. ‘पाने साधारण लांबट, फुले आकर्षक, जांभळट छटेची.’ अगं, हे लग्नाच्या स्थळाचं वर्णन झालं! ‘साधारण’ आणि ‘आकर्षक’ हे दोन शब्द वहीतून कायमचे खोड. पान किती मिलिमीटर लांब, किती रुंद, देठाजवळ गोल की निमुळतं, लव दोन्ही बाजूंना की फक्त शिरांवर? आणि किती झाडांवर मोजलंस? तुझ्या तक्त्यात चार झाडं आहेत. चारही ओढ्याकाठच्या सावलीतली.

इथे माझी फजिती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या कडेला करवंदीच्या जाळीत एक वेल मिळाला. पानं चांगली रुंद, फुलाची नळी लांब, ठिपके जवळपास नाहीतच. दोनच झाडं होती, दोन्ही मी कंदासकट उपटली. महिन्याभरात लेख तयार केला, नावही ठरवलं (ते आज सांगायची लाज वाटते). माझ्या गुरुजींनी कागद हातातही घेतले नाहीत. म्हणाले, “पुढच्या पावसात परत जा, आणि त्या जाळीपासून उन्हाकडे दहा पावलं चालत ये.” मी रागावलो, पण गेलो. जाळीच्या कडेला तोच वेल जरा आखूड. आणखी तीन पावलांवर पानं अरुंद, नळीवर फिकट ठिपके. उघड्या गवतात पोचलो तर समोर वीतभर उंचीचं, मला कॉलेजपासून माहीत असलेलं झाड उभं. जाळीतल्या ‘नव्या’ प्रजातीपासून गवतातल्या जुन्या प्रजातीपर्यंतची प्रत्येक पायरी त्या दहा पावलांत होती. ती दोन उपटलेली झाडं अजून माझ्याकडे आहेत. ती वाळवून चिकटवलेल्या शीटवर मीच चूक दुरुस्त करून सही केली आहे.

हे फक्त माझंच झालं असं नाही. अरुंद, रेषेसारख्या पानांचं एक कंदीलपुष्प ‘लुशी’ नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून छापलं गेलं होतं. पुढे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरने त्याला ‘बल्बोसा’ या प्रजातीचा नुसता एक प्रकार करून टाकलं, कारण फुलं तीच. पान लबाड असतं, ऊन-पाण्याप्रमाणे बदलतं. म्हणून ओढ्याकाठची चार झाडं पुरणार नाहीत. वरच्या कातळावर, पलीकडच्या टेकाडावर, गुरं चरतात तिथेही बघ. निदान पंधरा-वीस झाडं मोज, आणि मोजायला उपटू नकोस. पट्टी आणि ग्राफ पेपर घेऊन चिखलात बसायचं.

मग हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. नवी प्रजाती डोंगरावर सापडते हा गैरसमज आहे. डोंगरावर मिळते ती शंका, तिचा निकाल लागतो तो कपाटांच्या रांगेत, डांबरगोळ्यांच्या वासात. पुण्यात बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं) पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. तिघांकडेही परवानगीचं पत्र पाठव. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा कुकचा ‘फ्लोरा’ (1901 ते 1908) पाठ असला तरी पुरत नाही, त्यानंतर सह्याद्रीत कितीतरी कंदीलपुष्पं नव्याने नोंदली गेली. अंजनेरीवरची ‘अंजनेरिका’ तर 2006 ची. तुझं झाड यांपैकी कशाचा तरी टाइप, म्हणजे ज्यावर नाव बेतलेलं असतं तो मूळ नमुना समोर ठेवून ताडावं लागेल. परदेशातल्या बऱ्याच टाइप शीटा आता पडद्यावर बघता येतात, आम्हाला त्यासाठी सहा-सहा महिने पत्रं लिहावी लागायची.

त्या जुन्या शीटा बघताना एक छापील लेबल वारंवार भेटेल: ‘मलबार, कोकण, इत्यादी’, आणि गोळा करणारे ‘स्टॉक्स, लॉ, इत्यादी’. एका चिठ्ठीत अख्खा पश्चिम किनारा! कोणत्या डोंगरावर, कोणत्या महिन्यात, दोघांपैकी कोणी तोडली, काही पत्ता नाही. यातला लॉ म्हणजे मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी, त्याच्याच नावाने हुकरने 1883 मध्ये ‘लॉई’ हे कंदीलपुष्प नोंदलं. आज ते आपण हरिश्चंद्रगडावर बघतो. तुझ्या लेबलवर ‘कोल्हापूर जिल्हा’ एवढंच आहे. दीडशे वर्षांनी कोणीतरी तुलाही असंच शिव्या देईल. गाव, सड्याचं स्थानिक नाव, उंची, तारीख, जमीन, सोबतचं गवत, सगळं लिही.

वर्णन कोणासाठी लिहायचं, तेही एका कंदीलपुष्पावरूनच सांगतो. कंदीलपुष्पांच्या सगळ्या गटाला ‘सेरोपेजिया’ हे नाव देणाऱ्या लिनियसने मलबारातलं हे फूल जिवंत पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे होतं ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातलं एक चित्र. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडने कोचीनला बसून करवून घेतलेले ते बारा खंड 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणारे होते इट्टी अच्युदन वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे आपल्या कोकणी भाषेतले तिघे. 1675 चं त्यांचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात आहे, जरूर बघ. त्या चित्रात झुबक्यातली फुलं दीपमाळेसारखी वर उभी आहेत, म्हणून प्रजातीचं नाव ‘कॅंडेलाब्रम’. वाळवलेली शीट नाही, तर ते चित्रच आजही त्या नावाचा टाइप आहे. चित्रकाराने ती फुलं आळसाने खाली लोंबती काढली असती तर नाव वेगळंच पडलं असतं. त्यामुळे तुझं वर्णन आणि रेखाचित्र अशा माणसासाठी कर, जो हा सडा कधी बघणार नाही.

नवं नाव छापण्याच्या नियमांचं थोडक्यात. 1935 ते 2011 पर्यंत वर्णन किंवा निदान लॅटिनमध्ये द्यावं लागे, 2012 पासून इंग्रजीही चालतं. मराठी चालत नाही, पण आधी मराठीत लिहून बघ, आपण नेमकं काय पाहिलं नाही ते लगेच कळतं. होलोटाइप, म्हणजे लेखात टाइप म्हणून नेमलेला नमुना एकच, तो मान्य हर्बेरियममध्ये जमा कर, माझ्या किंवा तुझ्या कपाटात नको. नाव देताना पुढाऱ्याचं देऊ नकोस, फंड देणाऱ्याचं तर मुळीच नको. आणि नावावर फार जीव टाकू नकोस. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने मुंबईचा गव्हर्नर फ्रेरच्या नावाने ‘फ्रेरिया इंडिका’ केलं, म्हणजे आपली शिंदळ माकुडी. पुढे तिला ‘कॅरालुमा’ या दुसऱ्या गटात नेलं, तिथे ‘इंडिका’ आधीच दुसऱ्या वनस्पतीचं होतं, म्हणून झाली ‘कॅरालुमा फ्रेरी’. मग ‘बुसेरोशिया फ्रेरी’. आता काही अभ्यासक तिला सेरोपेजियातच बसवतात. शिवनेरीच्या कड्यावरच्या झाडाला यातलं काही कळवलेलं नाही.

एक मात्र कळकळीने. लेखात जीपीएसचे आकडे छापू नकोस, आणि फोटो इंटरनेटवर टाकताना त्यातलं ठिकाण काढून टाक. शोभेच्या कुंडीसाठी अशी झाडं उपटणारे लोक आहेत, आणि धनगरांच्या पोरांना कंद गोड लागतात ते वेगळंच. वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय काही तोडू नकोस. कंदाचं माप हवंच असेल तर एकाच झाडाची माती बाजूला सार, मोज, चित्र काढ, परत लोट. तुझ्या त्या चार झाडांपैकी प्रेसमध्ये किती गेली, हे तू लिहिलं नाहीस. मी विचारतोय असं समज.

फुलांचा हंगाम आता संपत आला. पंधरा दिवसांत जोडशेंगा धरतील. फुटायच्या आत एक शेंग मिळव, नाहीतर म्हाताऱ्या उडून जातील आणि बियांचं माप राहील. शनिवारी येणार असशील तर दुपारी दोननंतर ये, सकाळी मी दवाखान्यात आहे. बाटली असेल तर सोबत आण, भिंग माझ्याकडे आहे. नसेल तरी ये, मी ती दोन झाडांची शीट काढून ठेवतो.

तुझा,
सर