काळ्या जमिनीतली छिद्रं मायक्रो-सीटीवर: नमुना केवढा, वाळवायचा का, थ्रेशोल्ड कुठे?

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या काळ्या रानातले 10 सेंटिमीटर व्यासाचे नमुने ओव्हनमध्ये वाळवून मायक्रो-सीटीवर (क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र घेणारं यंत्र) स्कॅन करायचे आणि ओट्सूने (छिद्र आणि माती यांच्यातली करड्या छटेची सीमा, म्हणजे थ्रेशोल्ड, आपोआप ठरवणारी पद्धत) छिद्रं वेगळी काढायची, असा तुमचा बेत दिसतो. तिन्ही गोष्टी बदला.

वाळवणं तर आधी सोडा. पुण्याकडची काळी जमीन बसाल्टची, त्यात स्मेक्टाइट (ओलीने फुगणारं चिकणमातीचं खनिज) भरपूर. सुकली की आकसते, मग स्कॅनमध्ये दिसणाऱ्या भेगा रानातल्या की ओव्हनमधल्या हे सांगता येत नाही. नमुना वाफशावर (जमीन ना चिखल ना कोरडी असताना) घ्या, म्हणजे मोठ्या छिद्रांतलं पाणी निथळलेलं असतं. पीव्हीसीचा पाईप वापरा (धातूची रिंग क्ष-किरण अडवते), धार बाहेरून तासा, आणि ठोकण्याऐवजी सावकाश दाबा. दोन्ही तोंडं क्लिंग फिल्मने बंद करा; स्कॅन चालू असताना माती सुकून हलली तर कडा दुहेरी येतात.

आता आकार. डिटेक्टर 2000 पिक्सेल रुंद धरला तर 10 सेंटिमीटरला व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) 50 मायक्रॉनचा पडतो. छिद्र निदान तीन व्हॉक्सेल रुंद असल्याशिवाय मी ते मोजत नाही, म्हणजे 150 मायक्रॉनच्या खालचं सगळं गेलं. भेगा आणि गांडुळांच्या वाटांसाठी 5 सेंटिमीटर घ्या, शिवाय त्यातलंच 1 सेंटिमीटरचं ढेकूळ वेगळं स्कॅन करा. चिकणमातीच्या आतली एक मायक्रॉनखालची छिद्रं यातही दिसणार नाहीत. ती प्रेशर प्लेटवर (दाब देऊन मातीतलं पाणी बाहेर काढणारं उपकरण) मोजायची.

खरी गफलत थ्रेशोल्डमध्ये होते. ओट्सूला हिस्टोग्रामवर (कोणत्या छटेचे किती व्हॉक्सेल आहेत याचा आलेख) दोन ठळक उंचवटे लागतात. दाबलेल्या मातीत हवेचा उंचवटा जेमतेम असतो, त्यामुळे सीमा मातीच्या बाजूला सरकते आणि सच्छिद्रता फुगते. फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मीडियन फिल्टर (चित्रातले विखुरलेले ठिपके पुसणारा) लावा, मग हवा आणि माती यांच्या सरासरी करड्या छटांच्या मधोमध सीमा धरा, सगळ्या नमुन्यांना तीच. त्यासाठी छटा नमुन्यागणिक बदलता कामा नयेत. पाईपची भिंत आणि बाहेरची हवा यांच्या छटा सगळ्या स्कॅनमध्ये ताडून बघा. मध्यभाग उगाच काळपट दिसत असेल तर ते बीम हार्डनिंग (कमी ऊर्जेचे किरण आधीच शोषले गेल्याने येणारा दोष). किरणांच्या वाटेत अर्ध्या मिलिमीटरचा तांब्याचा फिल्टर लावा. चुनखडीच्या खड्यांभोवती रेषा उमटतात, तो भाग वगळा. भिंतीलगतचे 3 मिलिमीटरही कापा, तिथली माती दाबली गेलेली असते.

स्थूल घनता (छिद्रांसकट मातीची) 1.3 आणि कणघनता (नुसत्या कणांची) 2.65 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असेल तर एकूण सच्छिद्रता 51 टक्के. सीटीवर त्याहून बरीच कमी येईल. गाईड विचारतील, पण आकडा जुळवायला थ्रेशोल्ड सरकवू नका. उरलेली छिद्रं व्हॉक्सेलहून बारीक आहेत.