मूळ कागद, दोन वर्षांचा बॉन्ड आणि बाबांची एफडी

प्रश्न: इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. वय ५९, खासगी नोकरीतून निवृत्त. ईपीएसचं पेन्शन २,४०० रुपये, घरखर्च मोठा मुलगा उचलतो. ४ लाखांची एफडी हीच काय ती पुंजी. धाकट्या मुलीचं बीएस्सी नर्सिंग नुकतंच झालं. तिच्या नावावर ३,६०,००० रुपयांचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याज १० टक्के, हप्ते वर्षभरानं सुरू होतील. विजय नगरकडचं एक मोठं हॉस्पिटल १८ हजार सीटीसीवर घ्यायला तयार आहे, पण दोन वर्षांचा बॉन्ड, मोडल्यास १ लाख रुपये, आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा. घराजवळचं एक नर्सिंग होम १५ हजार रोख देतंय, कसलीच अट नाही. एक एजन्सी साडेतीन लाखांत भाषा, कागदपत्रं आणि जर्मनीतली नोकरी असं पॅकेज सांगते. मुलीचं म्हणणं, वर्षभर घरी बसून एम्सच्या परीक्षेची तयारी करते. एफडी मोडून जर्मनीचं करावं का?

उत्तर: एफडी मोडू नका. जर्मनी वाईट म्हणून नाही. ज्या कामाचे पैसे तुमच्याकडे मागितले जातायत, त्यातलं बरंचसं तुम्ही द्यायचंच नसतं म्हणून. त्याकडे येतो, पण आधी तिच्या दोन नोकऱ्या बघू. खरा निर्णय तिथे आहे.

१८ हजार सीटीसी म्हणजे हॉस्पिटलचा तिच्यावरचा एकूण खर्च, हातात १८ हजार नाहीत. बेसिक १२ हजार धरलं तर हॉस्पिटलचा पीएफचा हिस्सा १,४४० रुपये आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के हिस्सा याच १८ हजारांतून जातो. उरतो साधारण १६,०४० रुपये ग्रॉस पगार. त्यातून तिचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये कापले की हातात येतात १४,४८० च्या आसपास. म्हणजे दिसायला नर्सिंग होमचे १५ हजार रोख जास्तच. शिवाय ते घराजवळ, आणि विजय नगर शहराच्या दुसऱ्या टोकाला.

तरीही ते १५ हजार कमी आहेत. पगारपत्रक नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागायला गेलं की लेटरहेडवर चार ओळी मिळतील, पण बँक खात्यात जमा झालेला पगार आणि यूएएनमधली (पीएफ खात्याच्या क्रमांकावरची) नोंद दाखवता येणार नाही. पुढे आखाती देशांत किंवा मोठ्या हॉस्पिटलात जायचं झालं तर नेमक्या याच नोंदी तपासतात, आणि हॉस्पिटलात खाटा किती होत्या तेही विचारतात.

ईएसआयचा मुद्दा तर तुमच्या घरासाठी फार मोठा आहे. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेपर्यंत ती विमित राहील, आणि विमित कर्मचाऱ्याच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. अट अशी की त्यांचं उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत हवं. तुमचं पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून ते आतच राहतं. म्हणजे तिचे १२० रुपये कापले जातील आणि नंदा नगरच्या ईएसआय रुग्णालयाचं दार तुम्हा दोघांना उघडेल. या वयात दोघांचा मेडिक्लेम बाहेरून घ्यायला गेलात तर प्रीमियमचा आकडा बघून हा फरक लगेच कळेल. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ई-पहचान कार्डावर तुमची दोघांची नावं आणि आधार जोडलेत का, हे स्वतः बघा. एचआरमध्ये फॉर्म भरताना ‘अविवाहित’ लिहून कुटुंबाचा रकाना कोरा सोडला जातो, आणि आजारपण आल्यावर धावपळ होते. शिवाय नर्सला सुई टोचण्याचा धोका रोजचा. कामावर इजा झाली तर ईएसआयचं संरक्षण आहे, रोखीच्या नोकरीत ते कुणाकडे मागणार? हेपेटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना, तेही एकदा विचारा. पहिला, महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. कॉलेजात दोन घेऊन तिसरा राहिलेल्या मुली खूप असतात.

तेव्हा मोठं हॉस्पिटल. पण ज्या अटींवर ते बोलावतायत, त्या अटींवर नाही.

तुम्हाला १ लाखाच्या आकड्याची धास्ती वाटतेय. मला काळजी आहे ती मूळ कागदांची. हिशेब करू. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, निघाली तर नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे आणि नर्सिंग भत्ता धरून महिन्याला ७० हजारांच्या पुढे जातं. म्हणजे बॉन्डचे पूर्ण लाख रुपये भरायची वेळ आली तरी तो दीड महिन्याच्या पगाराचा प्रश्न आहे. पण निवड झाल्यावर कागदपत्रं तपासणीची तारीख येते आणि तिथे दहावीच्या मार्कशीटपासून कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत सगळं मूळ लागतं. ते हॉस्पिटलच्या कपाटात अडकलं, एचआरवाले ‘साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणाले, तर हातची सरकारी नोकरी जाऊ शकते. पैसे कुठूनही उभे करता येतात, तारीख पुढे ढकलता येत नाही.

मूळ प्रमाणपत्रं अशी अडकवून ठेवण्याला इंडियन नर्सिंग कौन्सिलनंही विरोध केलेला आहे. मुलीनं एचआरला नम्रपणे, पण लेखी सांगावं: मूळ कागद तपासून घ्या, साक्षांकित प्रती ठेवा, नोंदणी कौन्सिलकडून पडताळून घ्या, मूळ परत हवेत. दुसरी मागणी, बॉन्डची रक्कम दर महिन्याला कमी होत जावी. २४ महिन्यांसाठी १ लाख, म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपयांनी. तिसरी, बॉन्डच्या बदल्यात हॉस्पिटल काय प्रशिक्षण देणार तेही कागदावर यावं: आयसीयूत किती महिने, बीएलएसचा (प्राथमिक जीवरक्षणाचा) कोर्स त्यांच्या खर्चानं का. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यास वाजवी भरपाई मागता येते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. पण ‘बॉन्ड कोर्टात टिकतच नाही’ या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं एका बँकेचा २ लाखांचा बॉन्ड वैध धरला. सही केली तर तो मोडण्याची किंमत हाताशी हवी.

कोरा चेक मात्र कुठल्याही परिस्थितीत द्यायचा नाही. चेक न वटल्याची केस फौजदारी असते, बॉन्डच्या वादापेक्षा कितीतरी त्रासाची.

कागद परत द्यायला ते अजिबात तयार नसतील तर ही नोकरी सोडा. इंदूरात हॉस्पिटलांची कमी नाही. चार-सहा आठवडे जास्त शोधावं लागेल, लागू दे. पगारावरही थोडं बोलून बघा. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की १०० ते २०० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि ५० खाटांच्या आतल्या ठिकाणीही २० हजारांपेक्षा कमी नको. शिफारसच ती, खासगीवाले बांधील नाहीत. पण १८ हजार सीटीसी म्हणजे मोठी मेहेरबानी, असं मनात ठेवून मुलाखतीला बसायचं कारण नाही. पगार वाढवत नसतील तर रात्रपाळीला गाडी मागा. रात्री आठला ड्यूटी सुरू आणि सकाळी आठला सुटका, या वेळांना सुदामा नगरहून जाण्यायेण्याचा खर्च आणि काळजी दोन्ही वाचतील.

आता कर्ज. वर्षाला ९० हजार याप्रमाणे चार हप्त्यांत उचललं असेल आणि सुरुवातीच्या काळात सरळ व्याज लागत असेल, तर शिक्षण संपेपर्यंत ९० हजार व्याज साचलंय आणि या सवलतीच्या वर्षात आणखी ३६ हजार साचेल. म्हणजे हप्ता सुरू होताना देणं ३,६०,००० नसून ४,८६,००० असेल, आणि दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे ६,४२० रुपये. या वर्षी पगारातून महिना ३ हजार व्याज भरत गेली तर हप्ता ५,९५० च्या आत येतो. ३६ हजार भरून पुढच्या दहा वर्षांत ५७ हजार वाचतात. पैसे भरताना बँकेला लेखी सांगा की ही रक्कम व्याजाकडे धरा. त्याआधी शाखेत एक प्रश्न विचारा: केंद्राच्या व्याज सवलत योजनेत या खात्याचा दावा लागला होता का? कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत, कॉलेज योजनेच्या निकषात, आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर दिलेला असेल तर सवलतीच्या काळाचं व्याज सरकार भरतं. मधल्या एखाद्या वर्षाचा दावा सुटला नाही ना, तेवढं तपासा.

तिच्या १४,४८० मधून ३ हजार कर्जाच्या व्याजाला, २ हजार येण्याजाण्याला, दीड हजार परीक्षेच्या तयारीला. आणखी ३ हजारांची आरडी लावा, आणि ती फक्त बॉन्डसाठी. हॉस्पिटलनं ती दुसरी मागणी मानली तर बॉन्ड दर महिन्याला ४,१६७ नं उतरतो, आरडी ३ हजारांनी चढते. चौदाव्या महिन्यात आरडीत ४२ हजार असतील आणि बॉन्डचे उरलेले असतील ४१,६७०. तिथून पुढे ती कुणालाही न विचारता मोकळी. त्याआधी निवड झाली तर जो थोडा फरक पडेल तो एफडीवर कर्ज काढून भरता येतो. एफडी मोडावी लागत नाही, आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एकच टक्का जास्त लागतं.

घरी बसून तयारी करायच्या तिच्या विचाराला माझा विरोध आहे, तो फक्त पैशापायी नाही. नॉरसेटला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही आणि वयाची मर्यादा ३० आहे, म्हणजे तिच्याकडे बरीच वर्षं आहेत. परीक्षा बहुतेक वर्षी दोनदा होते, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. मुख्य परीक्षेत प्रत्यक्ष रुग्णावर आधारलेले प्रश्न येतात. ड्रिपचा वेग, औषधाचा डोस, कुणाला आधी बघायचं, व्हेंटिलेटरचा अलार्म कशानं वाजतोय. आयसीयूत सहा महिने काढलेल्या मुलीला हे वाचायला कमी लागतं. भंवरकुआंच्या मोठ्या क्लासची वर्षभराची फी भरण्याऐवजी एक ऑनलाइन टेस्ट सिरीज आणि मागच्या प्रश्नपत्रिका घ्या. फॉर्मचे खुल्या आणि ओबीसी गटाला ३ हजार लागतात, ते बाजूला ठेवा. ओबीसीत अर्ज करणार असेल तर नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. राज्याच्या नमुन्यातल्या दाखल्यावर अर्ज अडकतात.

सगळ्यात आधी मात्र मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची नोंदणी. नर्स आणि मिडवाइफ, दोन्ही. अर्जाच्या ठरलेल्या तारखेपर्यंत ती हातात नसेल तर परीक्षेचा काही उपयोग नाही. आपल्या राज्यात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआयनं कॉलेजं तपासली. तेव्हा तिच्या बॅचच्या वर्षांत कॉलेजची मान्यता होती याचा कागद जपून ठेवा. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. मराठी घरांत वडिलांचं नाव मध्ये लिहायची पद्धत आणि इथल्या मार्कशीटवर फक्त नाव-आडनाव, यात हमखास घोळ होतो. उद्या पुण्यात नोकरी करायची ठरली तर इथून एनओसी घेऊन महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल.

राहिलं जर्मनी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. ई-मायग्रेट पोर्टलवर या एजन्सीचं नाव शोधा. पुष्कळ ठिकाणी वर पाटी भाषेच्या क्लासची असते आणि भरतीचे पैसे ‘पॅकेज’मध्ये मिसळलेले असतात. ट्रिपल विन हा जर्मनीच्या सरकारी यंत्रणांचा कार्यक्रम नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाही. खर्च तिथलं हॉस्पिटल उचलतं. साडेतीन लाख मागणाऱ्यानं हॉस्पिटलकडूनही पैसे घेतले नसतील कशावरून?

आणि खरी अडचण भाषेची. नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मनची बी२ पातळी लागते (ए१, ए२, बी१ नंतरची चौथी). पूर्ण वेळ शिकूनही शून्यापासून तिथवर वर्षभर लागू शकतं, आणि मुली गळतात त्या बी१ आणि बी२ च्या मध्ये. पॅकेजचा मोठा भाग तोवर भरलेला असतो. तिथे पोचल्यावरही बहुतेकांना पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा करावी लागते आणि तोपर्यंत सहायक म्हणून कमी पगार मिळतो. ओढ खरी असेल तर तिनं स्वतःच्या पगारातून फक्त ए१ करावं, एका पातळीची फी एका वेळी. बी१ हातात आल्यावर, हॉस्पिटलचं नाव आणि पगार लिहिलेला करार समोर असेल, तेव्हा पुन्हा लिहा. गोथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या संस्थेच्या बी२ परीक्षेचे चारही भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे खर्चही तेव्हा टप्प्याटप्प्यानं मांडता येईल.

तुमच्या ४ लाखांना काम आहेच. साठ पूर्ण झाले की एफडीची मुदत बघून ती रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्के दरानं दर तिमाहीला ८,२०० रुपये खात्यात येतील. एफडी त्याआधीच संपत असेल तर नूतनीकरण वर्षभराचं नको, साठाव्या वाढदिवसापर्यंतचंच करा, नाहीतर मुदतीआधी मोडल्याचा दंड बसेल.