अमेरिकेतल्या छोट्या कॅथलिक विद्यापीठात खेळाच्या सोयी कशा असतात? मुलीचा खेळ सुटेल का?

तुमच्या प्रश्नातलं "आमचे मेव्हणे म्हणतात, चर्चच्या एवढ्याशा कॉलेजात कसला आलाय खेळ" हे वाक्य वाचलं आणि जेवणाचा डबा बाजूला सारून लिहायला बसले. तुमच्याकडे मेव्हणे आहेत, माझ्याकडे मामा होता. राहणार एडिसन, न्यू जर्सी. वाक्य अगदी हेच.

आधी तुमच्या मुलीचं. बारावीत आहे, जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळते, त्यावर स्कॉलरशिप मिळेल का असं विचारलंय. नाही मिळणार. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या यादीत बॅडमिंटन नाहीच. विद्यापीठ कॅथलिक असो, सरकारी असो, हजार मुलांचं असो की पन्नास हजारांचं, ते डोक्यातून काढून टाका. खेळ सुटेल का, हा मात्र वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझं थोडं रडगाणं गावं लागेल.

मी सातारा जिल्ह्यातली. पाचवीपासून खो-खो. इंजिनीअरिंगला जिथे गेले त्या कॉलेजचं नाव घेत नाही, पण माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हिरव्यागार मैदानाचा फोटो होता. मैदान खरंच होतं. फक्त दिवाळीनंतर मे संपेपर्यंत ते लग्नांना भाड्याने जायचं. एका सोमवारी सकाळी सरावाला गेलो तर आमचे दोन्ही खांब उपटून कुंपणाला टेकवलेले आणि त्यांच्याच खड्ड्यांत मांडवाचे बांबू रोवलेले. क्रीडा विभागाच्या सरांकडे गेलो. "पुढच्या आठवड्यात बघू." तो आठवडा काही आला नाही. तिसऱ्या वर्षी मी बूट काढले ते काढलेच. सोयी म्हटलं की मला अजून ते बांबू दिसतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मी डेटा सायन्सच्या एमएससाठी जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीत आले. मामाला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाला, "ते न्यू ब्रन्सविकचं हॉस्पिटल ना?" (त्या नावाचं हॉस्पिटल त्याच्या घराजवळ खरंच आहे, तेवढी सूट त्याला दिली.) त्याचा मुलगा एका अवाढव्य सरकारी विद्यापीठात. तिथलं फुटबॉलचं स्टेडियम, तिथली गर्दी, हे मामा अशा थाटात सांगायचा की जणू विटा यानेच वाहिल्या.

सेंट पीटर्स हे जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचं कॉलेज, १८७२ चं. २०१२ पर्यंत नावात 'कॉलेज'च होतं. विद्यार्थी सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास. केनेडी बुलेव्हार्ड नावाच्या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने इमारती. तिथून जर्नल स्क्वेअरचा इंडिया स्क्वेअर जवळच, म्हणजे मेथी, कोथिंबीर, गोडा मसाला या बाबतीत माझं मुळीच अडलं नाही. आणि त्यांचं बोधचिन्ह आहे मोर. डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएचा सर्वांत वरचा गट, त्यात मोर असलेलं दुसरं विद्यापीठ नाही. पूर्वी तिथल्या मुलींच्या संघांना लांडोर म्हणत! मामाच्या घरी अर्थातच "मोराचं कॉलेज" हे नाव पडलं.

इनडोअर खेळांचा पसारा यानिटेली सेंटर नावाच्या एकाच इमारतीत, १९७५ ची इमारत. आतल्या बास्केटबॉलच्या मैदानाचं नाव 'रन बेबी रन अरीना'. हसू नका. १९६८ मध्ये यांच्या संघाने न्यूयॉर्कच्या एनआयटी (नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट) या बास्केटबॉल स्पर्धेत ड्यूक विद्यापीठाला १०० विरुद्ध ७१ असं हरवलं होतं, त्या धावत्या संघाचं ते टोपणनाव. त्याच वर्षी पदवी घेतलेल्या एका माजी विद्यार्थ्याने नूतनीकरणाला ५० लाख डॉलर दिले आणि स्वतःचं नाव न लावता त्या संघाचं नाव लावायला सांगितलं. आपल्याकडे पंखा दान केला तरी पात्यावर नाव रंगवतात.

मला जिममध्ये स्टुडंट जॉब लागला. आठवड्याला २० तासांच्या आतच, व्हिसाचा नियम. टेबलामागे बसायचं, ओळखपत्रं स्कॅन करायची, टॉवेल मोजायचे. बास्केटबॉलच्या संघातली मुलंही त्याच दारातून यायची. दोनेक महिन्यांत मी तिथल्या सुपरवायझरला भीतभीत विचारलं, रात्री उशिरा एखादं कोर्ट मोकळं असेल तर आम्ही दहा-बारा देशी पोरं एक खेळ खेळू का? त्याने वहीत वेळ लिहिली आणि विचारलं, "किती खुर्च्या लागतील?" मी म्हटलं, आम्ही खालीच बसतो.

खांबांच्या जागी दोन नारिंगी शंकू. आठ जण एकाआड एक तोंडं करून उकिडवे बसलेले. तेलुगू मुलं, गुजराती मुलं, एक कोल्हापूरचा, एक कोलंबियाची मुलगी. लाकडी फ्लोअरवर बुटांचा चीं-चीं आवाज. मी तिसऱ्याच मिनिटाला सवयीने सूर मारला. मातीत मारायचा सूर पॉलिश केलेल्या लाकडावर मारला की काय होतं ते सांगते: मनगटापासून कोपरापर्यंत कातडी टोमॅटोच्या सालीसारखी निघते. सुपरवायझर प्रथमोपचाराची पेटी घेऊन पळत आला. पट्टी बांधता बांधता त्याचा प्रश्न एकच: "पण हे बसलेले लोक कुणाच्या बाजूने आहेत?" त्यानंतर वर्षभर दर बुधवारी रात्री आमचा खो-खो झाला. मैदान कुणी भाड्याने दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. १७ मार्च २०२२. त्या दिवशी होळी. मी पुरणपोळी खायला एडिसनला मामाकडे. आणि त्याच संध्याकाळी सेंट पीटर्सचा बास्केटबॉल संघ इंडियानापोलिसमध्ये केंटकीशी खेळणार होता. एनसीएएच्या या स्पर्धेत चार गट असतात, प्रत्येकात १६ मानांकनं. केंटकीला दुसरं, आम्हाला पंधरावं. केंटकीत तीस हजारांवर विद्यार्थी, त्यांच्या प्रशिक्षकाचा, म्हणजे जॉन कॅलिपारींचा, वर्षाचा पगार ८० लाख डॉलरच्या वर. मामाने टीव्ही लावला तो खास माझी जिरवायलाच. "कितीने हरणार तुमचे मोर? तीसने की चाळीसने?"

मध्यंतरापर्यंत त्याची बडबड चालू होती. मग हळूहळू कमी झाली. निर्धारित वेळ संपली तेव्हा ७१-७१. मामीने तव्यावरची पोळी आणून मामाच्या ताटात टाकली, तुपाची धार सोडली, आणि मामाचा हात पोळीच्या वर तसाच थांबलेला. तूप थिजलं. कटाची आमटी निवली. जादा वेळेत आमचे डग एडर्ट, डॅरिल बँक्स वगैरे ज्या थंड डोक्याने खेळले ते बघून मला रडू यायला लागलं, कारण यातल्या निम्म्यांची ओळखपत्रं मी स्कॅन केली होती. ८५-७९. जिंकलो. मी त्या घरात होळीची बोंब ठोकली, रीतसर, तोंडावर हात मारून. शेजारचे गोरे आजोबा दार उघडून बघायला आले.

मामा काय म्हणाला? "फ्लूक आहे."

दोन दिवसांनी मरे स्टेटला हरवलं. मामा: "तोही छोटाच संघ." २५ तारखेला फिलाडेल्फियात पर्ड्यूला ६७-६४. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातला, शुक्रवार होता तो, अशा शुक्रवारी कॅथलिक मंडळी सहसा मांस खात नाहीत, म्हणून मित्रांच्या पार्टीत चीज पिझ्झा होता, आणि शाकाहारी म्हणून मला पहिल्यांदाच पोटभर मिळालं. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठात त्याआधी कधीही पोचला नव्हता. त्या रात्री मामाने त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मामीने मला पाठवला: "माय नीस स्टडीज देअर." रविवारी नॉर्थ कॅरोलिनाकडून ४९-६९ असे सपाटून हरलो, तेव्हा मात्र मी पुन्हा "तुमचं मोराचं कॉलेज".

मामाशी माझा वाद जिंकण्या-हरण्याचा नव्हताच, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या मुलाने चार वर्षं त्या भव्य स्टेडियममध्ये फक्त प्रेक्षक म्हणून नाचो खाल्ले. तिकीट काढून. स्पर्धेच्या मैदानाला त्याचा पाय एकदाही लागला नाही, ते फक्त संघासाठी. मी मात्र जुन्या इमारतीतल्या एका कोर्टवर दर बुधवारी घाम गाळला. माझ्या लेखी सोय म्हणजे रात्री नऊ वाजता दार कोण उघडतं, ते. स्टेडियमला किती मजले आहेत ते मेव्हण्यांना मोजू द्या.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून एवढंच विचारा: जिमचे 'ओपन' तास कोणते, आणि संघांचे सराव सोडून सामान्य विद्यार्थ्यांना कोर्ट कधी मिळतं? फोटो मागू नका, वेळापत्रक मागा. इन्ट्राम्युरल म्हणून विद्यापीठाच्या आतल्या आत सामने होतात, त्यात बॅडमिंटन आहे का तेही विचारा. नसलं तर पाच-सात पोरांना गोळा करून क्लब काढता येतो. बॅडमिंटनचं नेट आणि दोन खांब लागतात, खांब व्हॉलीबॉलवाल्यांकडे मिळू शकतात. शटल भारतातूनच घेऊन जा म्हणावं.

धर्माची सक्ती असते का, असंही विचारलंत. मला कुणी चर्चमध्ये ओढून नेलं नाही. पण मी एमएसला होते. तुमची मुलगी बॅचलर्सला जाणार, तर थिऑलॉजी-फिलॉसॉफीचे काही विषय घ्यावे लागतील. त्याचा बाऊ करू नका, आपल्याकडे मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण काय केलं ते आठवा.

आता हे सगळं लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे काही उणीही सांगते, नाहीतर मामा कमेंटमध्ये सांगेल. पर्ड्यूवरच्या त्या विजयानंतर आठवड्याच्या आत आमचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे न्यू जर्सीतल्याच सीटन हॉलला निघून गेले (तेही कॅथलिकच, आणि ते स्वतः तिथलेच माजी खेळाडू). मागोमाग बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे जुळे भाऊ ला सॅलला, एडर्ट ब्रायंटला. मोर भराभर उडाले. छोट्या ठिकाणी चांगलं काही उगवलं की मोठे येऊन खुडून नेतात. २०२५ पासून तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा आहे, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादाच दोन कोटी पाच लाख डॉलर. केनेडी बुलेव्हार्डवर एवढे कुठून आणायचे? २०२४ मध्ये आम्ही पुन्हा स्पर्धेत पोचलो, टेनेसीने ८३-४९ असं धुतलं. मामाने स्क्रीनशॉट पाठवला.

त्याहून महत्त्वाचं: सगळी छोटी कॅथलिक विद्यापीठं टिकतीलच असं नाही. फिलाडेल्फियाजवळच्या कॅब्रिनीने २०१९ मध्ये डिव्हिजन थ्री या खालच्या गटाचं, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने खेळायचा खेळ) मधलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि २०२४ मध्ये ते विद्यापीठच बंद झालं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये एनसीएएच्या मोठ्या स्पर्धेत सामना खेळल्यावर आठवड्याभरात जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन वन सोडून थ्रीमध्ये जातोय. थ्रीमध्ये खेळाच्या स्कॉलरशिप मुळीच नसतात, मार्कांवर मिळेल ती मदत. तेव्हा जिमच्या वेळापत्रकाआधी विद्यापीठाची आर्थिक तब्येत तपासा. हे मी खरं तर वर लिहायला हवं होतं.

आणि मेव्हण्यांना विचारा, तुम्ही शेवटचे मैदानावर कधी गेला होता? मी मामाला विचारलं होतं. बराच वेळ आठवून म्हणाला, "दोन हजार अकराला. भारतात. सदूच्या लग्नाला."