तीन दिवसांत उत्खनन पुरे होते का?

प्रश्न : ‘टाइम टीम’ ही ब्रिटिश मालिका मी शाळेत मुलांना दाखवतो. तीत प्रत्येक उत्खनन तीन दिवसांत आटोपते. आपल्याकडे मात्र एकेका स्थळावर वर्षानुवर्षे काम चालते. असे का? आणि आमच्या गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, मुलांना एखादा खड्डा घेऊ द्यावा काय?

उत्तर : चॅनेल फोर वाहिनीवर 1994 साली सुरू झालेल्या या मालिकेची 20 पर्वे झाली. तीन दिवसांत काम भागे, कारण पथक प्रत्येक जागी नेमका प्रश्न घेऊन जात असे : येथे रोमन घर होते का, मठाची भिंत कोठवर गेली होती? कुदळ लावण्याआधी जॉन गेटर आणि त्यांचे सहकारी शेतभर उपकरणे फिरवत. भाजलेल्या मातीमुळे किंवा बुजलेल्या खंदकामुळे जमिनीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा सूक्ष्म फरक मॅग्नेटोमीटर टिपतो. दुसऱ्या उपकरणाने जमिनीत वीजप्रवाह सोडला की दगडी पाया त्याला अडवतो आणि ओलसर खंदक त्याला वाट देतो. या नकाशांच्या आधारे मिक ॲस्टन, फिल हार्डिंग आणि इतर तज्ज्ञ मोजकेच चर घेत. बाकीचे स्थळ तसेच राही. खापरे धुणे, हाडे तपासणे, अहवाल लिहिणे हे सारे कॅमेरे परतल्यानंतरचे काम असे.

आता पुणे जिल्ह्यातील इनामगाव पाहा. डेक्कन कॉलेजने तेथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1988 साली निघाला. घोड नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) शेतकऱ्यांची सबंध वसाहत समजून घ्यायची असल्याने विस्तृत क्षेत्र उघडून शंभराहून अधिक घरांचे अवशेष मोकळे करावे लागले. तेव्हा कुठे दिसले की आधीच्या जोर्वे काळातील (जोर्वे हे या शेतकऱ्यांच्या संस्कृतीचे नाव) ऐसपैस आयताकृती घरांच्या जागी नंतरच्या, म्हणजे उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी हा बदल कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि त्यातून आलेल्या हलाखीशी जोडला. चार चरांतून हे हाती लागले नसते. चरात घराचा कोपरा लागतो, गाव लागत नाही.

पांढरीत मात्र खड्डा घेऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती. कोणते खापर कोणत्या थरात होते, हे थर कालवला गेल्यावर कोणालाच सांगता येत नाही. याच मालिकेतील कॅरेन्झा लुइस यांनी 2005 पासून केंब्रिज विद्यापीठातर्फे शाळकरी मुलांकडून इंग्लंडमधील गावांत एक मीटर लांबी-रुंदीचे चाचणी खड्डे खणवून घेतले, हे खरे. पण ते जाणकारांच्या देखरेखीखाली आणि थोडीथोडी खोली उतरत, प्रत्येक पातळीची नोंद ठेवून. आपल्या मुलांनी नांगरटीने वर आलेली खापरे न उचलता त्यांची छायाचित्रे घ्यावीत, जमिनीच्या गट क्रमांकासह वहीत नोंद करावी आणि ती राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. पांढरीची माती कोणी शेतात टाकण्यासाठी गाड्या भरून नेत असेल, तर ते सर्वांत आधी कळवावे.