शिष्यवृत्तीचा निकाल 80 टक्क्यांवरून 35 वर आला, मुलीची शाळा बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, शाळा अनुदानित मराठी माध्यमाची आहे आणि तिथला आठवीच्या शिष्यवृत्तीचा निकाल दोन वर्षांत 80 वरून 35 टक्क्यांवर आलाय. शेजारच्या विनाअनुदानित शाळेच्या गेटवर '100 टक्के निकाल' असा फ्लेक्स लागलाय, म्हणून तिकडे घालावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सहावी ते आठवीला गणित शिकवतो आणि शिष्यवृत्तीचे जादा तासही घेतो. असा फ्लेक्स दिसला की मी एवढंच विचारतो, बसली किती होती?

आमच्याच शाळेचं सांगतो. एका वर्षी आठवीच्या 40 पैकी 11 जण परीक्षेला बसले, 10 पात्र झाले. 91 टक्के! पेढे वाटले, फोटो काढले. उरलेल्या 29 जणांची आवेदनपत्रं आम्ही भरलीच नव्हती. "याला झेपणार नाही, उगाच निकाल खाली येईल" हे स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या वर्षी नव्या मुख्याध्यापक बाई आल्या. त्या म्हणाल्या, पटावर आहे तो बसेल. 38 बसले, 16 पात्र झाले. निकाल 42 टक्के. पालकसभेत एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "सर, शाळा इतकी कशी घसरली?" सहा पोरं जास्त पात्र झाली होती, पण ते सांगेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेली होती. त्या सोळांतल्या निदान चौघांचा फॉर्म आदल्या वर्षीच्या हिशोबाने आम्ही भरलाच नसता.

त्यामुळे तुमच्या शाळेचे 35 टक्के वाईट आहेत की चांगले, हे नुसत्या टक्क्यावरून मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही.

दुसरं, 'पात्र' या शब्दाचं. प्रत्येक पेपर 150 गुणांचा असतो आणि दोन्हींत किमान 40 टक्के, म्हणजे 60 गुण मिळाले की मूल पात्र. पण पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 50 आणि गणिताचे 100 गुण एकत्र धरतात. मराठी चांगलं असलेल्या मुलाने भाषेत 40 काढले की गणितात 100 पैकी 20 पुरतात. आठवीच्या पेपरात 20 टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात. गणिताच्या 50 प्रश्नांतून ते वगळून उरलेल्या 40 गणितांत डोळे मिटून गोळे रंगवले तरी चारातला एक या हिशोबाने सरासरी दहा बरोबर येतात, प्रत्येकी दोन गुणांनी झाले 20 गुण. म्हणजे 'पात्र' मुलाला गणित येतंच असं नाही. मी गणिताचा मास्तर, मला हे टोचतं. शिवाय पात्र म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असंही नाही. ती गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते, आणि फ्लेक्सवर या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते.

त्या दोन उत्तरांच्या प्रश्नांनी तर पोरं रडकुंडीला येतात. दोन्ही गोळे बरोबर रंगवले तरच गुण, एक रंगवला तर शून्य. गेल्या वर्षी सरावात एक मुलगी सलग चार गणितं बरोबर सोडवून पहिलं उत्तर सापडताच पुढे जायची. मी वहीत पाहिलं तर रीत स्वच्छ, आकडे बरोबर. तिचे आठ गुण गणितात गेले नव्हते, घाईत गेले होते. शाळेत ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, पाच-सहा सराव पेपर झाले की हे सुटतं. निकालातली बरीचशी वाढ अशा सरावाची असते.

आणखी एक भानगड. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला झाली आणि 2025 मध्ये शासनाने ती परत चौथी-सातवीला न्यायचं ठरवलं. त्यामुळे तुमच्या मुलीची परीक्षा बहुधा सातवीतच येईल, आणि आठवीचे जुने टक्के घेऊन शाळा निवडण्यात तसाही फार अर्थ उरत नाही.

आता ते, जे तुम्ही विचारलेलं नाही. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर शाळा बदलण्याआधी एनएमएमएसचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, विचार करा. ती परीक्षा आठवीत असते, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना तिला बसता येत नाही. आमच्याकडची एक हुशार मुलगी सातवीनंतर अशीच फ्लेक्स पाहून गेली. आठवीत फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा वडील दाखला परत मिळेल का विचारायला आले होते.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना पट किती, बसले किती, पात्र किती आणि गुणवत्ता यादीत किती, हे चार आकडे तीन वर्षांचे मागा. देत नसतील तर तेही उत्तरच. मग गणिताच्या सरांना भेटा आणि सराव पेपर झाल्यावर चुकलेली गणितं फळ्यावर परत घेतात का, विचारा. नुसती उत्तरसूची वाचून दाखवत असतील तर मला काळजी वाटेल, मग निकाल 35 असो की 80. त्याच फ्लेक्सवाल्या शाळेतही हेच सगळं विचारा. आणि जाताना मुलीची गणिताची वही सोबत न्या, सर ती उघडून बघतात का, तेवढं पाहा.