ऑक्सिमीटरवर ९७, मग मेंदूला ऑक्सिजन कमी कसा पडला?

वडिलांना स्ट्रोक झाला तेव्हा बोटावर ९७ दिसत होतं, तरी डॉक्टर ऑक्सिजन कमी पडला म्हणतात, तर आता घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तो आकडा रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढंच सांगतो. गुठळीने होणाऱ्या स्ट्रोकमध्ये (रक्तस्रावाचा प्रकार वेगळा) ते रक्तच अडथळ्यापुढे जात नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्के खातो आणि शिल्लक जवळपास काही ठेवत नाही. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २० च्या आसपास उतरलं की पेशी संदेश पाठवणं थांबवतात. हात लुळा पडतो, वाचा जाते, पण पेशी मेलेली नसते. खर्च कापून तग धरून असते. या गप्प झालेल्या, जिवंत पट्ट्याला पेनम्ब्रा म्हणतात. १० च्या खाली मात्र सोडियम बाहेर फेकणारे पंपच बंद पडतात. पाणी शिरून पेशी फुगते, तिच्यातलं ग्लुटामेट (पेशींमध्ये संदेश नेणारं रसायन) बाहेर सांडतं, त्याने शेजारच्या पेशी भलत्याच चेततात, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्या आतून स्वतःलाच पचवू लागतात. ग्लुटामेट अडवणारी औषधं उंदरांत चालली. माणसांत एकामागून एक नापास झाली.

पेशी अगदी हातपाय गाळून बसते असंही नाही. एरवी तयार होताच नष्ट केलं जाणारं एचआयएफ-१ हे प्रथिन ऑक्सिजन घटला की टिकतं आणि ऑक्सिजनविना ऊर्जा काढणारी, नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकं चालू करतं. ऑक्सिजन ओळखण्याच्या याच यंत्रणेसाठी २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पण नव्या रक्तवाहिन्या वाढायला दिवस लागतात आणि पंप मिनिटांत थांबतात. म्हणून सगळी धावपळ पेनम्ब्रासाठी असते: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, निवडक रुग्णांत कॅथेटरने (रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने) गुठळी काढणं २४ तासांपर्यंत.

आता कॉन्सन्ट्रेटर. २०१७ साली ब्रिटनमधल्या सुमारे ८,००० रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचं ऑक्सिजन मुळात ठीक होतं त्यांना सरसकट ऑक्सिजन देऊन तीन महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. वडिलांचं सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा तो आकडा) टिकून असेल तर यंत्राचे पैसे फिजिओथेरपीला ठेवा, असं माझं मत. झोपेत ते घसरतंय किंवा गिळताना ठसका लागतोय असं वाटलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.