दोन ऑलिंपिकच्या मधला जपान

प्रश्न : टोकियोत १९६४ आणि २०२१ मध्ये ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. या काळात सामान्य जपानी माणसाचे जगणे कितपत बदलले?

उत्तर : १९६४ च्या सुमारास दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्र आणि फ्रिज यांना, सम्राटाच्या राजचिन्हांवरून, काहीशा गमतीने ‘तीन पवित्र वस्तू’ म्हणत. टोकियोच्या बऱ्याच भागांत मात्र सांडपाण्याच्या वाहिन्या अद्याप पोहोचल्या नव्हत्या आणि मैला उपसणाऱ्या गाड्या फिरत होत्या. त्याच शहरातून उद्घाटनाच्या अवघे ९ दिवस आधी, १ ऑक्टोबरला, शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे (बुलेट ट्रेन) धावू लागली आणि ओसाकाचा सुमारे साडेसहा तासांचा प्रवास ४ तासांवर आला. ही विसंगतीच मला त्या काळाची खरी ओळख वाटते. निव्वळ पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मुभाही सामान्यांना त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिळाली. सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला व्हॉलीबॉल संघातील बहुतेक खेळाडू एका कापडगिरणीच्या कर्मचारी होत्या आणि दिवसाचे काम आटोपून रात्री उशिरापर्यंत सराव करीत.

२०२१ पर्यंत वस्तूंचे अप्रूप संपले होते. बदलला तो मुख्यतः वयाचा तोल : पासष्टी गाठलेल्यांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांच्या आसपास गेले, त्यामुळे वृद्धांची शुश्रूषा आणि कामाला माणसे न मिळणे हे घरोघरचे विषय झाले. करोनामुळे वर्षभर लांबलेल्या या स्पर्धा टोकियोतील मैदानांवर प्रेक्षकांविनाच झाल्या, आणि यजमान शहराने त्या पुन्हा घरातल्या पडद्यावरच पाहिल्या.